मुरलेली की शिळी? जुन्या आणि तगड्या बिअर चाखताना

कैरीचं लोणचं वर्षभर ठेवलं तर मुरतं आणि वरण दोन दिवस ठेवलं तर विटतं. काळ दोघांवरही काम करतो, भांड्यात काय आहे त्यावर सगळं ठरतं. बिअरचंही तसंच. बाजारातल्या बहुतेक बिअर वरणाच्या जातीच्या असतात, जितक्या ताज्या तितक्या बऱ्या. मोजक्याच लोणच्याच्या जातीच्या. ही पोस्ट त्या मोजक्यांबद्दल आहे: त्या ओळखायच्या कशा, बारमध्ये मागवायच्या आणि चाखायच्या कशा, आणि मुरलेली म्हणून कुणी शिळी आणून ठेवली तर कळणार कसं. (बडोद्याच्या नातेवाइकांनी नुसतं वाचावं. तिथली दारूबंदी आम्ही उठवू शकत नाही.)

आधी 'स्ट्राँग' या शब्दाचा घोळ मिटवू. इंदुरात 'स्ट्राँग द्या' म्हटलं की ६५० मिलीची गारढोण बाटली येते. भारतीय अन्नसुरक्षा नियमांत ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर साधी आणि ५ ते ८ टक्क्यांची स्ट्राँग धरतात. यातल्या बऱ्याच बाटल्यांत माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) जोडीला तांदूळ, मका किंवा साखर घालून अल्कोहोल चढवलेलं असतं. साखर यीस्ट पूर्ण फस्त करतं, मागे काही उरत नाही. म्हणून बिअर जोरकस होते पण अंगानं पातळ राहते, आणि ती बर्फासारखी गारच प्यावी लागते. जरा कोमट झाली की घशाला स्पिरिटसारखी टोचते. ही बाटली दोन वर्षं कपाटात ठेवून काहीही हाती लागणार नाही. नुसत्या अल्कोहोलनं बिअर मुरत नाही.

मुरायला लागतं ते अंग. बार्लीवाइनचं उदाहरण घ्या. नावात वाइन असली तरी ही तगडी बिअरच. माल्ट गरम पाण्यात भिजवून जो गोड काढा निघतो, त्याची घनता (पाण्याची १ धरून) साध्या लागरसाठी, म्हणजे नेहमीच्या फिकट बिअरसाठी, १.०४५ ते १.०५० असते, बार्लीवाइनसाठी १.०८० ते १.१२०. आंबवण्याआधीची आणि नंतरची घनता वजा करून १३१.२५ नं गुणलं की अल्कोहोलचा अंदाज येतो. १.१०० वरून १.०२५ वर थांबली तर फरक ०.०७५, म्हणजे जवळपास ९.८ टक्के. पण पाहायचं आहे ते खाली उरलेल्या १.०२५ कडे. यीस्टला न पचलेली ही साखर आणि बाकीचा माल्टचा ऐवज हेच पुढच्या दहा वर्षांचं भांडवल. वर भरपूर हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं. लोणच्यात मीठ-तेल जे काम करतं, ते इथे अल्कोहोल आणि हॉप्स करतात, आणि फोड इथे माल्टची असते.

ब्रिटिश बार्लीवाइन आणि ओल्ड एल ही या घराण्याची थोरली पाती. डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोपनं १९६८ मध्ये काढलेल्या थॉमस हार्डीज एलबद्दल पंचवीस वर्षं टिकण्याचा दावा होता. जे. डब्ल्यू. लीजची हार्वेस्ट एल १९८६ पासून वर्षागणिक निघते, ११.५ टक्के. लंडनच्या फुलर्सची व्हिंटेज एल १९९७ पासूनची, ८.५ टक्के. अमेरिकेत सिएरा नेवाडाची बिगफूट १९८३ पासून येते, ९.६ टक्के, आणि ती ताजी असताना इतकी कडू असते की कारल्याची आठवण यावी. बेल्जियमच्या मठांकडे वळलं तर शिमे ब्लू ९ टक्के, वेस्टफ्लेटेरेन १२ ही १०.२, रोशफोर १० ही ११.३. नावांतले १० आणि १२ म्हणजे टक्केवारी नव्हे, हा गैरसमज बारमध्ये नेहमी ऐकू येतो. जर्मनीचे डॉपेलबॉक सौम्य आणि पावासारखे गोडसर: म्युनिकची साल्व्हाटोर ७.९ टक्के, गव्हाची आव्हेंटिनस ८.२. आणि ऑस्ट्रियाची समिखलाउस १४ टक्के. ती वर्षातून एकदाच, ६ डिसेंबरला, संत निकोलसच्या दिवशी बनवतात आणि बाटलीत भरण्यापूर्वी महिनोन्महिने मुरवतात.

इथे आपल्या परिसराचाही एक धागा आहे. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची जी बिअर कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात यायची, तिची मुळं इंग्रज जमीनदारांच्या 'ऑक्टोबर बिअर'मध्ये होती. ऑक्टोबरात करायची आणि तळघरात वर्ष-दोन वर्षं ठेवायची. जहाजाच्या पोटात चार-सहा महिने उकाड्यात हेलकावत ती लवकर तयार व्हायची. १८१८ च्या मंदसौर तहानंतर इंदूरजवळ महूला इंग्रजांची छावणी पडली, तेव्हा असलीच पिंपं आपल्या बंदरांत उतरत होती.

अल्कोहोल कमी असूनही मुरणारी एक जात आहे, तिचा उल्लेख न करता पुढे जाता येत नाही. ब्रसेल्सच्या आसपासची ग्योझ. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिकचं (हवेतल्या यीस्टनं आपोआप आंबणाऱ्या बिअरचं) मिश्रण, साधारण ५ ते ७ टक्के, चिंचेच्या कोळासारखी आंबट. तिला आम्लता सांभाळते. ऑर्व्हालचंही तसंच. बाटलीत भरताना ६.२ टक्के असते, पण ब्रेटानोमायसिस नावाचं सावकाश काम करणारं यीस्ट उरलेली साखर महिनोन्महिने कुरतडत राहतं. सहा महिन्यांची ऑर्व्हाल आणि दोन वर्षांची ऑर्व्हाल या दोन वेगळ्या बिअर वाटतात. तिच्या लेबलवर भरल्याची तारीख छापलेली असते, तेवढी वाचून ठेवा.

आता बाटलीत नेमकं काय होतं ते. बाटली कितीही काळजीनं भरली तरी थोडा ऑक्सिजन आत असतोच, थोडा झाकणाच्या कडेनं वर्षानुवर्षं झिरपतो. हलक्या, फिकट बिअरमध्ये त्याचा पहिला परिणाम म्हणजे ओल्या पुठ्ठ्याचा वास. ट्रान्स-२-नोनेनाल हे त्या रसायनाचं नाव, आणि नाकाला ते अगदी चिमूटभर असलं तरी कळतं. गडद, दाट बिअरमध्येही ऑक्सिजन पोचतोच, पण तिथे भाजक्या माल्टचा ऐवज इतका असतो की त्यातून खजूर, मनुका, मध, जुन्या शेरी वाइनसारखे वास तयार होतात आणि पुठ्ठा त्याखाली दबतो. हॉप्सचा ताजा, फुलासारखा वास काही महिन्यांतच जातो. कडवटपणा त्याहून सावकाश उतरतो. ताज्या गव्हाच्या बिअरमधला केळ्याचा वास वर्षभरात विरतो. तळाशी बसलेलं यीस्ट मरून फुटतं आणि त्याचा सोया सॉससारखा खारट-दाट स्वाद बिअरमध्ये उतरतो. इम्पीरियल स्टाउटमध्ये (भाजक्या माल्टच्या काळ्या, तगड्या बिअरमध्ये) तो थोडा असला तर छान लागतो, जास्त झाला तर सूप प्यायल्यासारखं वाटतं.

आणि तापमान. बिअरच्या धंद्यात ३-३०-३०० असा एक ढोबळ हिशेब सांगतात: ३२ अंशांत तीन दिवस, २२ अंशांत तीस दिवस आणि ३ अंशांत तीनशे दिवस यांनी बिअर सारखीच म्हातारी होते. हिशेब साध्या बिअरचा आहे, बार्लीवाइनला जसाच्या तसा लागू नाही. पण इंदूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्या दिवसांत बंद गोदामात पडून राहिलेल्या खोक्याचं काय होत असेल याचा अंदाज यावरून येतो. उन्हात तापलेली बिअर लवकर मुरत नाही, शिजते. जळक्या साखरेचा आणि पुठ्ठ्याचा वास एकदम येतो, खजुराचा येतच नाही.

म्हणून बारमध्ये पहिला प्रश्न 'किती जुनी?' हा नसावा. 'कुठे ठेवली होती?' हा असावा. काउंटरमागच्या आरशाच्या शेल्फावर, निळ्या-जांभळ्या दिव्यांच्या झगमगाटात उभी केलेली बाटली घेऊ नका, मग ती कितीही देखणी दिसो. प्रकाशानं हॉप्समधलं कडू द्रव्य तुटतं आणि बिअरला उग्र, जळक्या रबरासारखी दुर्गंधी सुटते. तपकिरी काच बराचसा प्रकाश अडवते, हिरवी आणि पांढरी काच जवळपास काहीच अडवत नाही. तीच बिअर फ्रीजमध्ये किंवा खोक्यात असेल तर ती मागा. मग बाटली हातात घेऊन पाहा. झाकणाच्या कडेला गंज किंवा चिकट ओघळ असेल तर हवा आत गेली आहे. बिअरची पातळी मानेत नेहमीपेक्षा खाली असेल तरी तेच. आयात करणाऱ्याच्या स्टिकरवरची तारीख आणि मूळ लेबलवरची तारीख दोन्ही वाचा. तळाशी गाळ असणं वाईट नाही, जुन्या बाटलीत पांढरे कण तरंगणंही चालतं. ती प्रथिनं असतात.

परवान्याची एक गोष्ट इंदूरकरांनी लक्षात ठेवावी. एप्रिल २०२५ पासून मध्य प्रदेशात कमी अल्कोहोलच्या पेयांचे वेगळे बार आले, आणि तिथे १० टक्क्यांपर्यंतचीच पेयं देता येतात. म्हणजे तिथे आव्हेंटिनस, शिमे ब्लू चालतील, पण रोशफोर १० किंवा समिखलाउस मागून उपयोग नाही. त्यासाठी पूर्ण परवान्याचाच बार लागेल. उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर धरून १९ ठिकाणी त्याच तारखेपासून दारूविक्री बंद आहे, त्यामुळे 'दर्शन करून येताना तिकडेच बसू' हा बेत करू नका. आपल्या शहरात या जातीच्या बिअर सगळ्या वेळी मिळतील अशी आशाही ठेवू नये. मिळेल त्या दिवशी नीट चाखता यावी म्हणून ही तयारी.

ग्लासबद्दल दोन शब्द, कारण निम्मा खेळ तिथेच बिघडतो. फ्रीजरमधून काढलेला, बर्फाची पांढरी साय धरलेला मग आला की परत करा. त्यावरचं दव बिअरमध्ये उतरतं, फेस मोडतो, आणि वास नाकापर्यंत येतच नाही. तोंडाशी निमुळता होणारा ट्युलिप किंवा कॉन्याकचा फुगीर ग्लास हवा. नसेल तर वाइनचा साधा ग्लास मागा, तो प्रत्येक बारमध्ये असतो आणि काम उत्तम करतो. ग्लास स्वच्छ आहे का हे डोळ्यांनी कळत नाही. त्यात साधं पाणी घालून ओता. पाण्याचा पातळ सलग पडदा काचेवर राहिला तर ग्लास चांगला, थेंब थेंब सुटले तर तेलकट. बिअर ओतल्यावर बुडबुडे एका जागी काचेला चिकटून बसले तरी तोच अर्थ. लिंबाच्या वासाचा साबण आणि ओलं फडकं हे आपल्याकडचे नेहमीचे गुन्हेगार. ओतण्यापूर्वी रिकामा ग्लास हुंगायची लाज वाटू देऊ नका.

ओतताना बाटली एकदा तिरकी केली की सरळ करायची नाही. सरळ केली की तळाचा गाळ उसळतो आणि पुढचे सगळे ग्लास गढूळ होतात. चौघं असाल तर चारही ग्लास ओळीनं लावून एकाच झुकावात भरायला सांगा, आणि तळाचं बोटभर राहू द्या. फेस कमी आला म्हणून वेटरशी भांडू नका. बारा टक्क्यांच्या, दहा वर्षांच्या बिअरला फेस येत नाही, कडेला पातळ वलय राहिलं तरी पुष्कळ. आव्हेंटिनससारख्या गव्हाच्या बिअरला मात्र हा नियम उलटा. तिचा गाळ हलवून ग्लासातच घ्यायचा असतो.

तापमानावर आपल्याकडचे बार सगळ्यात जास्त चुकतात. फ्रीज ३-४ अंशांवर, आणि गिऱ्हाइकाला 'चिल्ड' हवी ही सवय. डॉपेलबॉक ८ ते १० अंशांवर बोलू लागतो, बार्लीवाइन आणि बेल्जियन गडद एल १२ ते १४ वर. फ्रीजमधून आलेली बिअर असेल तर ग्लास तळव्यात धरून दहा-पंधरा मिनिटं थांबा. या वेळात दोनदा हुंगा, पिऊ नका.

किती घ्यायची हा हिशेब आधीच करून ठेवावा. चाखायला ग्लासात ६० ते ७५ मिली पुरे. ७५ मिलीचे सहा ग्लास, सगळे १० टक्क्यांचे, म्हणजे ४५ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनानं सुमारे ३५ ग्रॅम. ६५० मिलीच्या ८ टक्क्यांच्या बाटलीत ५२ मिली असतं. म्हणजे बाहुल्यांचे वाटावेत असे ते सहा ग्लास मिळून एका मोठ्या बाटलीच्या जवळ जातात. सहाच्या पुढे जीभही काम करत नाही, डोकं तर नाहीच. गाडी चालवायची नाही. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि या सहा ग्लासांनी ती सहज ओलांडली जाते. एकवीस पूर्ण नसतील तर मध्य प्रदेशात हा सगळा प्रश्नच उद्भवत नाही.

क्रम ठरवताना टक्केवारी हा एकच निकष लावणारे फसतात. कमी टक्क्यांची ग्योझ आधी घेतली तर तिची आम्लता पुढच्या गोडसर डॉपेलबॉकला पाणचट करून टाकते. आधी मवाळ, पावासारख्या गोड. मग फळांच्या वासाच्या बेल्जियन. मग कडू बार्लीवाइन. मग भाजक्या कॉफीच्या चवीचे स्टाउट. आंबट बिअर अगदी शेवटी ठेवा किंवा वेगळ्या दिवशी. धुराच्या वासाची असेल तर तिच्यानंतर काहीच नको. एकाच बिअरची तीन वेगवेगळी वर्षं ओळीनं मिळाली, तर पुस्तकी नियम नव्याकडून जुन्याकडे जायचा. आमचं मत जरा वेगळं आहे. बिगफूटसारखी कडू बिअर असेल तर सगळ्यात जुनी आधी घ्या, कारण ताजीच्या कडवटपणानं बधिर झालेल्या जिभेला जुनीतला मध लागणारच नाही. शिमे ब्लूसारखी मुळातच मवाळ असेल तर नवी आधी.

आता एका ग्लासापाशी जरा थांबू. नीट ठेवलेली दहा-एक वर्षांची इंग्लिश बार्लीवाइन आहे असं धरा. रंग ताजेपणी तांब्यासारखा असतो, आता गडद महोगनी, कडेला उजेडात धरला तर काकवीसारखा लालसर. पहिल्यांदा नाक लावलं की काहीच येत नाही, बिअर थंड आहे. पाच मिनिटांनी गूळ. साधा नाही, गुऱ्हाळातल्या कढईच्या कडेला लागलेला, किंचित करपलेला. दहाव्या मिनिटाला खारीक आणि मनुका येतात, मग जुन्या लाकडी कपाटाचा, थोडा चामड्यासारखा वास. या टप्प्यावर पहिला घोट घ्यायचा, चमचाभराचाच. तो जिभेवर मागे-पुढे फिरवा, गिळताना तोंड बंद ठेवून नाकानं श्वास सोडा. निम्मी चव या उलट्या श्वासात असते. आधी गोड, मग संत्र्याच्या मुरांब्यासारखं आंबट-कडू, आणि गिळल्यावर छातीत ऊब. ही ऊब आल्याच्या चहासारखी पसरली पाहिजे. एका जागी जाळत असेल तर आंबवताना तापमान चढलं होतं आणि जड अल्कोहोल तयार झालं. ते दहा वर्षांतही पुरतं जात नाही. अर्ध्या तासानं ग्लासात उरलेल्या दोन घोटांत सोया सॉसची एक बारीक खारट रेघ दिसते. तिथवर पोचलात की बिअरचं वय कळलं.

लिहून ठेवायचं असेल तर आपल्याच स्वयंपाकघरातले शब्द वापरा. इंग्रजी याद्यांतले अंजीर-प्लम-टॉफी पाठ करून काही होत नाही. काकवी, खारीक, भाजके तीळ, डिंकाचा लाडू, कवठाची चटणी, जुना मध, मुरांब्याचा पाक, चिंचेचा कोळ: हे वास आपल्या नाकाला पाठ आहेत.

दोष ओळखण्यासाठीही हेच शब्द कामी येतात. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला तर बिअर बनवताना उकळी नीट दिली गेली नाही. पातळ लागरमध्ये तो उठून दिसतो. लोण्याचा, पॉपकॉर्नसारखा वास आणि जिभेवर तेलकट बुळबुळ म्हणजे डायसेटिल: यीस्टला काम पूर्ण करू दिलं नाही, किंवा नळाची नळी वेळेवर धुतली नाही. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कच्ची आहे. आंबट व्हायला नको ती बिअर व्हिनेगरसारखी लागली तर जंतू शिरले. बाटली उघडताच फेस धो धो वर आला तरी तोच संशय घ्यावा. हे सगळे दोष ताज्या बिअरमध्येही असतात, जुनेपणाच्या नावावर खपवून घेऊ नका. निव्वळ पुठ्ठा, पाणचट चव आणि मागे काहीच न उरणं ही शिळेपणाची खूण. पुठ्ठ्याची झाक आहे पण खजूर आणि मध त्याहून मोठे आहेत, तर बिअर उतरणीला लागलीय पण प्यावी. आम्ही अशी परत करत नाही.

खाण्याचं काय? इंदुरात हा प्रश्न अवघड आहे, कारण समोर काहीही आलं की त्यावर जीरावन हा इंदुरी मसाला पडतंच. शेव, गराडू, पोहे, सगळं चाखण्याच्या आधी आणि मध्ये बंद. लवंग, काळं मीठ आणि तिखट जिभेवर पाऊण तास बसून राहतं. मधे तोंड धुवायला साधं पाणी आणि बिनमिठाचे मुरमुरे किंवा पोळीचा कोरडा तुकडा. नाक थकलं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या, ते पुन्हा शून्यावर येतं. अर्थात अत्तर लावलेलं नसेल तर.

चाखून झालं की मात्र जोडी जमवायला आपल्याकडे उत्तम माल आहे. अनारसा आणि बार्लीवाइन ही जोडी करून बघाच. आंबवलेल्या तांदळाची हलकी आंबूस चव, गूळ आणि वरची खसखस त्या बिअरमध्ये आधीच असलेल्या वासांना हात धरून पुढे नेतात. गाजराचा हलवा डॉपेलबॉकबरोबर, पण साखर बेताची हवी. बिअरपेक्षा गोड पदार्थ बिअरला कडू करतो, म्हणून सराफ्यातली पाकात बुडालेली जिलबी इथे चालत नाही. मावाबाटी स्टाउटबरोबर जाते. भुट्ट्याचा कीस जीरावन न घालता केला तर ट्रिपेल या फिकट, तगड्या बेल्जियन बिअरबरोबर सुरेख लागतो, मक्याची गोडी आणि बिअरचा मिरीसारखा झणका एकमेकांना उचलून धरतात. खूप जुन्या बिअरबरोबर काहीच खाऊ नका. तिचा आवाज बारीक असतो.

घरी बाटली ठेवावी का, असं विचारणारे बरेच. वाइनचा छोटा कूलर १२-१३ अंशांवर ठेवणं शक्य असेल तर जरूर, राज्यात घरी किती बाटल्या ठेवता येतात तो नियम पाहून. बाटली उभी ठेवायची, आडवी नाही, म्हणजे हवेशी कमी पृष्ठभाग येतो आणि गाळ तळाशीच बसतो. कूलर नसेल तर साध्या फ्रीजचा तळचा मागचा कोपरा. तिथे बिअर फार सावकाश मुरते, पण बिघडत नाही. दारातला कप्पा नको, दर वेळी उघडताना तापमान हलतं. माळा, पलंगाखालचा खण, देवघरामागचं कपाट हे सगळं इंदूरच्या उन्हाळ्यात भट्टीच. आणि एकच बाटली ठेवू नका. तीन ठेवा: एक लगेच उघडायला, एक दोन वर्षांनी, एक पाच वर्षांनी. पहिलीची नोंद नसेल तर तिसरी चांगली झाली की वाईट, हे सांगणार कशावरून? आयपीए (हॉप्सच्या ताज्या वासाची एल), लागर, फळं घातलेली गव्हाची बिअर यांतलं काहीही ठेवायला घेऊ नका. ते याच आठवड्यात संपवायचं.

बारमधून उठताना वेटर रिकामे ग्लास उचलायला आला तर त्याला पाच मिनिटं थांबवा. बार्लीवाइनच्या ग्लासाच्या तळाला एक चिकट, तपकिरी थेंब सुकत असतो, आणि अल्कोहोल उडून गेल्यावर सगळ्यात स्पष्ट वास तिथूनच येतो. काकवी होती की मध, हे ठरत नसेल तर तो ग्लास हुंगून ठरवा.